खोक्यावरचं कुंकू

तीर्थरूप मामंजी,

पदर सावरून नमस्कार करते. तुमच्या नावाआधी 'कैलासवासी' लिहायची रीत आहे हे मला ठाऊक आहे, पण लेखणी तिथंच अडली. तुम्ही कैलासावर राहायला गेलात म्हणून आमचे मामंजी राहिला नाहीत, असं थोडंच आहे?

तुम्ही होता तेव्हा तुमच्यासमोर मी सलग चार वाक्यं कधी बोलले नाही. दाराच्या चौकटीशी उभं राहायचं, खाली बघायचं आणि 'व्हय' किंवा 'न्हाई' म्हणायचं, एवढीच सूनबाईची बाराखडी. आज मात्र मनात आहे ते सगळं बोलणार आहे. तिथून तुम्हाला 'सूनबाई, पुरं' म्हणता येणार नाही, हा माझा फायदा.

आज सकाळी घरात एक गोष्ट घडली. ती सांगावी असं माणूस एकच, आणि ते तुम्ही. म्हणून भाकऱ्या उरकल्या, चूल सारवली आणि दौत घेऊन बसले. पण आधी थोडं मागचं बोलू द्या, नाहीतर आजच्या गोष्टीला चव यायची नाही.

साताऱ्याच्या मुलींच्या शाळेतून मोठ्या बाईंचा निरोप आला आहे. शाळेत गाण्याच्या नव्या बाई आल्यात आणि त्यांना दिवाणखान्यातला पियानो पुन्हा उघडायचा आहे. उद्याची तारीख देऊन, सकाळच्या गाडीनं या, असं कळवलंय. निरोप येऊन आठवडा झाला आणि आठवडाभर तुमचे चिरंजीव एकच वाक्य बोलताहेत, 'म्या न्हाई जायचा.'

तुम्ही गेल्यापासून त्यांनी पियानोच्या तारा पिळायच्या तुमच्या किल्लीला हात लावलेला नाही. लाकडी मुठीची ती किल्ली तुम्ही ठेवलीत त्याच खुंटीवर, त्याच पिशवीत. रेडिओ दुरुस्त करतात, गिरणीतले लाउडस्पीकरचे कर्णे दुरुस्त करतात, पण वाद्याला बोट लावत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दादांनी मला या कामात कवाच मानलं न्हाई. मग त्यांच्या किल्लीला मी कुठल्या तोंडानं हात लावू?"

मामंजी, खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. तुमचा रागही आला होता. तो राग आज सकाळपर्यंत माझ्यापाशी होता.

लढाई संपून हे घरी आले आणि मी रहिमतपूरहून सांगलीला नांदायला आले, ते दिवस आठवतात का? मला वाटलं होतं, घरात फक्त दोन पुरुष माणसं, सासूबाई नाहीत, घर कसं मुकं मुकं असेल. आणि इथे बघते तो उंबऱ्यापासून न्हाणीपर्यंत पेट्याच पेट्या. भजनी मंडळांच्या, नाटकवाल्यांच्या, शाळांच्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाचा सूर बसलेला. शिरवळपासून मिरजेपर्यंत ज्याची म्हणून पेटी बिघडेल तो ती तुमच्याकडे घेऊन यायचा. पियानो काही उचलून आणता येत नाही, म्हणून त्यांच्याकडे तुम्ही जायचा.

तुमचं सगळं काम कानावर. हत्यार म्हणाल तर किल्ली, पितळी पट्ट्या खरवडायची सुरी, आणि तो दोन पायांचा पोलादी नादकाटा. आपल्या घरात त्याला चिमटाच म्हणायचे. गुडघ्यावर आपटायचा, देठ लाकडावर टेकवायचा, की तो पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा, म्हणजे पांढरी सहाचा सूर गायला लागायचा. पलटणीच्या बँडातल्या तुमच्या गोऱ्या उस्तादानं पुण्याच्या कॅम्पात तुम्हाला तो दिला होता. तुम्ही त्याला झोपतानाही उशाशी ठेवायचा. माझ्या माहेरी माणसं सातबाराचा उतारासुद्धा एवढा जपत नाहीत.

एकदा मी चौकटीशी उभी राहून हळूच विचारलं होतं, सूर लागला हे कळतं कसं? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दोन सूर जवळ आलं की भांडत्यात, सूनबाई. वँव वँव करत्यात. मिळालं की गप बसत्यात." आणि मग तुम्ही मला ते ऐकवलंत. चिमटा टेकवून पेटीची पट्टी दाबलीत. खरंच दोन सूर भांडत होते. तुम्ही सुरीनं पितळ जरासं खरवडलंत, भांडण सावकाश झालं, आणखी सावकाश झालं आणि थांबलं. मला इतकं हसू आलं की मी स्वयंपाकघरात पळाले.

घरातले दोन सूर मात्र भांडायचे आणि गपही बसायचे नाहीत.

तुमचे चिरंजीव पलटणीत बिनतारी यंत्रांच्या वर्कशॉपात होते. येताना ट्रंकेतून कपडे कमी आणि तारा, व्हॉल्व्ह, बटणं जास्त घेऊन आले. महिनाभर माजघरात बसून त्यांनी तो खोका जोडला. पुढे गोल तबकडी, तिच्यावर काटा, आत लालसर दिवे. काटा फिरवाल तसा खोका सूर धरायचा. तबकडीवर बारा सुरांच्या बारा खुणा शाईनं आखलेल्या. काटा खुणेवर ठेवायचा, खोका गातो त्याला तार मिळवायची. चिमट्यासारखं एका सुरावरून बाकीचे अकरा कानानं काढत बसायला नको. आणि चिमटा दमतो तसा हा दमत नाही, बॅटरी आहे तोवर गात राहतो.

किती हौसेनं त्यांनी तो तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही चष्मा वर केलात, खोक्याभोवती एकदा फिरलात आणि म्हणालात, "कानाला बॅटरी लागत न्हाई." बस्स. पानाचा डबा घेऊन ओट्यावर गेलात.

त्या दिवसापासून तुमच्या दोघांचं बोलणं बंद झालं आणि माझी नोकरी सुरू झाली. एकाच खोलीत तिघं. तुम्ही भिंतीकडे बघून म्हणायचा, "सूनबाई, त्येला सांग, पाय काढ तिथनं." हे खोक्याकडे बघून म्हणायचे, "दादास्नी सांग, पाय माझाच हाय, मोडून ठेवू का?" आणि मी मधे उभी. निरोप मात्र मी पीठ चाळावं तसे चाळूनच द्यायचे. 'पाय मोडू का' इकडून निघायचं आणि तुमच्यापर्यंत 'सरकतो' होऊन पोचायचं. तुम्हाला दोघांनाही सगळं ऐकू येत होतं, तरी माझ्याकडून आल्यावर मान हलवायचा. मला त्याची फार गंमत वाटायची. गावाकडे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लय गुणाचं घर मिळालं गं तुला." ती खरंच म्हणाली की टोमणा मारला, अजून कळलेलं नाही.

त्या वर्षीची खंडेनवमी मात्र गमतीची नव्हती. तुम्ही पाटावर सगळी हत्यारं मांडलीत. किल्ली, सुरी, चिमटा, हातोडी, माझी विळीसुद्धा. झेंडूची फुलं वाहिलीत, प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट लावलंत. हे खोका पुसून, हातात धरून उंबऱ्यात उभे होते. तुम्ही त्यांच्याकडे न बघता आरती सुरू केलीत. खोक्याला पाटावर जागा नाही. जेवताना यांनी पुरणपोळी अर्धी ठेवली. विळीला कुंकू आणि खोक्याला नाही, मामंजी? तेव्हा विचारता आलं नाही, आता विचारते.

मग संक्रांतीनंतर साताऱ्याचं बोलावणं आलं. शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि दिवाणखान्यातला पियानो व गाण्याच्या वर्गातल्या पेट्या, दोन्ही लावून हव्या होत्या. तुम्ही निघालात, हेही खोका आणि मोटारीची बॅटरी घेऊन निघाले, आणि निरोप पोचवायला कुणीतरी हवं म्हणून मीही निघाले. बाहेर मात्र 'सूनबाईला माहेरचं ठेसन दाखवायचं' असं सांगितलंत. गाडीत बॅटरी यांच्या मांडीवर, कुंचीतल्या बाळासारखी. समोरच्या बाईनं विचारलं, "कितवा महिना?" हे इतके लाजले की रहिमतपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. तुम्ही मिशीत हसलात. मी पाहिलं.

मोठ्या बाईंनी आपला तमाशा ओळखला असावा. त्यांनी काम वाटून दिलं, "पियानो मुलानं करावा, पेट्या वडिलांनी. म्हणजे संध्याकाळपर्यंत आटपेल." त्यांना काय ठाऊक, तुम्ही दोघं एकमेकांचं काम ऐकायलासुद्धा जाणार नाही.

तुम्ही मागच्या इमारतीत पेट्या घेऊन बसलात, हे पुढे दिवाणखान्यात. मी मधल्या अंगणात येरझारा घालत. दुपारी हे म्हणाले, "दादास्नी सांग, पियानो लय चढलाय. समदा खाली आणावा लागतोय." मी येऊन सांगितलं. तुम्ही पट्टी खरवडत म्हणालात, "पियानो कवा चढत नसतो, उतरतो. त्येला सांग, कान धुऊन ये." मी जाऊन सांगितलं, "बघा म्हणतात, जमतंय तसं." कान धुवा म्हटलं असतं तरी ते तुमच्याकडे आले नसते, आणि तुम्ही तर उठणारच नव्हता. संध्याकाळी दोघांचीही कामं मनासारखी झाली. दोघांचेही चेहरे खुशीत. पियानो आणि पेटी एकत्र वाजवून बघायचं मात्र कुणाच्याही डोक्यात आलं नाही. त्यासाठी तुम्हा दोघांना एका खोलीत यावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशीचं ते स्वागतगीत! पियानोनं सुरुवात केली, पेटीनं साथ धरली आणि दिवाणखान्यात कुणीतरी मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखं झालं. उजवीकडच्या मुली पियानोबरोबर गेल्या, डावीकडच्या पेटीबरोबर. मधली एक लहानगी बिचारी दोन्ही कानांवर हात ठेवून गात होती. पाहुण्यांना वाटलं हा काही नवा विलायती प्रकार असेल, त्यांनी मान डोलावून टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला, तो हसू लपवायला की रडू, देव जाणे.

कार्यक्रम संपल्यावर तुम्ही काय खुलला होता. "त्येला सांग, खोका घेऊन पलटणीत जा. तिथं चालतंय हे." मी हे काही चाळलं नाही, कारण तुम्ही मोठ्यानंच बोललात. तेव्हा हेही मोठ्यानंच म्हणाले, "दादास्नी सांग, माझा सूर समद्या जगाचा हाय. ऱ्हेडिओ लावून बघा म्हणावं."

मोठ्या बाईंच्या बंगल्यात रेडिओ होता. त्यांनी आपल्याला चहाला नेलं. रेडिओवर विलायती वाद्यवृंद लागला होता. सुरुवातीला ते सगळे मिळून एकच सूर धरतात ना, आपापली वाद्यं जुळवायला? तोच लांबलचक सूर चालू होता. पांढरी सहा. यांनी खोका लावला. दोन्ही एक झाले, भांडण म्हणून नाही. मग तुम्ही हसत हसत चिमटा गुडघ्यावर आपटलात आणि रेडिओच्या लाकडी पेटीवर टेकवलात.

चिमटा वर राहिला, मामंजी. चांगला अर्ध्या पट्टीनं वर. इतका, की मलासुद्धा कळलं.

तुम्ही पुन्हा आपटलात. पुन्हा तेच. मग तो फडक्यात गुंडाळून खिशात ठेवलात आणि चहा न पिताच उठलात. यांच्या तोंडावर जिंकल्याची खूण दिसेल असं मला वाटलं होतं. दिसली नाही. ते बशीकडे बघत बसले.

नंतर यांनी मला समजावलं. जुन्या काळी पलटणीच्या बँडचा सूर चढा असे. गोऱ्या उस्तादाचा चिमटा त्या काळचा. पुढे जगानं सूर खाली आणला आणि आपल्याला कुणी कळवलं नाही. मोठ्या बाईंनी त्या दिवशी पेट्या चालू ठेवल्या आणि पियानोला कुलूप लावलं. तेच कुलूप उद्या उघडायचं आहे.

परतीच्या गाडीत कोरेगाव गेल्यावर तुम्ही भिंतीकडे नाही, थेट माझ्याकडे बघून बोललात. नांदायला आल्यापासून पहिल्यांदा. "सूनबाई, म्हंजे येवढी वर्सं मी समद्या मुलखाला चुकीचा सूर दिला व्हय?"

मला उत्तर येत होतं. जिभेवर होतं. पण सुनेनं सासऱ्याला काय समजवायचं? मी म्हटलं, "भाकरी काढू का?" तुम्ही म्हणालात, "काढ." आपण भाकरी खाल्ली. त्या दिवसाचं मला फार वाईट वाटतं.

त्यानंतर तुम्ही पेट्या लावायचं सोडलं नाही, पण चिमटा आपटण्याआधी जरा थांबायला लागलात. इकडे यांनी खोक्यावर फडकं टाकलं आणि माधवनगरच्या गिरणीत कर्ण्यांचं काम धरलं. घर गप्प झालं. माझी निरोपांची नोकरीसुद्धा गेली, म्हणजे बघा.

मग दुसरी खंडेनवमी आली. तुमची शेवटची. दोन दिवस आधी तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारलंत, "सूनबाई, त्यो खोका चालू कसा करत्यात गं?" मी चमकून बघितलं तर म्हणालात, "न्हाई, इचारलं आपलं. उद्या आग लागली तर बंद करता याया पायजे." मी बटण दाखवलं. आदल्या दिवशी हे माधवनगरला गेले आणि तुम्ही मला म्हणालात, "गणपतीला जाऊन ये. आज गर्दी न्हाई." मी गेले. गर्दी लोटली होती. मला वाटलं, मामंजींचा अंदाज चुकला.

खंडेनवमीला पाट मांडलात आणि म्हणालात, "त्येला सांग, खोका आण." मी धावत जाऊन सांगितलं. चाळलं नाही, त्यात चाळण्यासारखं काही नव्हतंच. यांनी खोका आणून पाटावर ठेवला. तुम्ही किल्लीला कुंकवाचं भरघोस बोट लावलंत, सुरीला लावलंत, चिमट्याला लावलंत, माझ्या विळीला तर मळवट भरलात. आणि खोक्यापाशी आल्यावर काडी घेतलीत. काडीच्या टोकावर कुंकू घेऊन तबकडीच्या कडेला एक टिंब दिलंत. तिळाएवढं. तेही मधोमध नाही, बाजूला.

हे उठले. मागच्या ओट्यावर जाऊन मला म्हणाले, "बघितलंस? इळीला मळवट आन् मला काडी." मलाही वाटलं, द्यायचं तर नीट द्यावं, नाहीतर राहू द्यावं. त्यानंतर यांनी खोका उघडलाच नाही. दिवाळी झाली, थंडीत तुम्हाला ताप आला आणि आठवड्याच्या आत तुम्ही निघून गेलात. काडीचं विचारायचं राहिलंच.

आता आजची सकाळ.

हे उठले ते ठरवूनच. "सातारला जायचं न्हाई. खोका मोडतो, आतलं दिवे माधवनगरच्या ऱ्हेडिओला घालतो." दिवे जिवंत आहेत का बघायला त्यांनी खोक्याला बॅटरी जोडली. तबकडीवर धूळ होती, ती पुसायला स्पिरिटचा बोळा घेतला. मी चहा घेऊन आले तर बोळा त्या टिंबापाशी पोचलेला.

"थांबा," मी म्हटलं. "मामंजींच्या हातचं शेवटचं कुंकू आहे. ते तरी राहू द्या."

"शेवटचं आन् किती मोठ्या मनानं दिल्यालं, बघ की," हे म्हणाले.

म्हणून मी बघितलं. वाकून बघितलं. पांढरी सहाची शाईची खूण आणि तिच्या पुढच्या खुणेच्या मधे, काट्याचं टोक जिथून फिरतं बरोबर त्या रेघेवर, ते टिंब होतं. बाजूला पडलेलं नव्हतं. जपून ठेवलेलं होतं. मला काय वाटलं कोण जाणे, मी काटा फिरवून त्या टिंबावर आणला.

खोका गायला लागला. तो सूर मी ओळखला. या घरात रोज सकाळी तोच ऐकत आले होते.

देव्हाऱ्यातून चिमटा आणला, तुमच्यासारखाच गुडघ्यावर आपटला (फार लागतो हो, तुम्ही कसं सहन करत होता?) आणि टेबलावर टेकवला. मी भांडणाची वाट बघत होते. वँव नाही, काही नाही. दोन्ही सूर गप. एकच सूर.

यांनी माझ्या हातातून चिमटा घेतला. काटा मुद्दाम केसभर हलवला, सूर भांडले. परत कुंकवावर आणला, गप्प झाले. असं त्यांनी किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मग खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. आणि रडता रडता हसायला लागले. "दादांनी खोका लावला गं," म्हणाले, "कानानं लावला. माझ्या शाईच्या खुणा येवढ्या बारीक न्हाईत."

तेव्हा मला सगळं कळलं. आग का लागणार होती ते. गणपतीला गर्दी का नव्हती ते. दुपारभर एकटे खोक्यासमोर बसून, एका हातानं चिमटा धरून, दुसऱ्या हातानं काटा सरकवत होता तुम्ही. शाई वापरली असती तर यांनी विचारलं असतं. म्हणून जागा लक्षात ठेवलीत आणि दुसऱ्या दिवशी पूजेत कुंकू दिलंत. बोटानं दिलं असतं तर ते नेमक्या जागी बसलं नसतं, म्हणून काडी. आणि आम्ही दोघं वर्षभर त्या काडीचा राग धरून बसलो.

पण मामंजी, एवढं केलंत तर तोंडानं एक शब्द का नाही बोललात? मी होते ना निरोप द्यायला? 'त्येला सांग, खोका बरा हाय', एवढं म्हणायला काय गेलं असतं? तुमचा हा एक राग मात्र मी सोडणार नाही. वर भेट झाली की विचारणार आहे, आणि तेव्हा डोक्यावरून पदर घेणार नाही.

आणि आता ते कोरेगावचं उत्तर. तुम्ही विचारलं होतं ना, मुलखाला चुकीचा सूर दिला का? नाही दिलात. मसूरची पेटी कराडच्या पेटीबरोबर वाजली, वाईची सांगलीच्या बरोबर. कुठल्याही गावचा गाणारा कुठल्याही गावी गेला तरी त्याला आपला सूर तिथे तयार सापडला. एवढा मुलूख एका सुरात होता, तो तुमच्या गुडघ्यामुळे. जगाला ठाऊक नव्हता म्हणून तो चुकीचा कसा होईल? मी तेव्हा भाकरी काढली. आज हे काढून ठेवते.

उद्याचं ठरलंय ते सांगते. शाळेचा पियानो आणि शाळेच्या पेट्या, दोन्ही आम्ही जगाच्या सुरात लावणार. त्या पोरींना पुढे कुठे कुठे जाऊन गायचंय, त्यांची अडचण नको. या वेळी दोघंही एकाच खोलीत बसून लावणार, आणि निघण्याआधी एकत्र वाजवून बघणार, तुमची शपथ. पण माजघरातली तुमची स्वतःची पेटी आहे तशीच, तुमच्या सुरात राहील. तिच्या पितळाला सुरी लागणार नाही. आणि दर खंडेनवमीला हे काटा फिरवतील, मी चिमटा धरीन, सूर गप झाले की काडीनं कुंकू त्याच जागी देईन. मळवट विळीलाच राहू दे. हा माझा शब्द आहे.

पलीकडच्या खोलीतून मघापासून खुडबुड ऐकू येते आहे. आत्ता हे दारात आले, हातात खुंटीवरची पिशवी. मी तुम्हाला लिहिते आहे हे त्यांनी ओळखलं. माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघून एक निरोप दिलाय. आजवरचा प्रत्येक निरोप मी चाळून दिला, हा मात्र जसाच्या तसा देते.

"दादास्नी सांग, किल्ली मी घेतली."

तुमची,
सूनबाई यमुना